बी.ए.चे विषय निवडण्याआधी जाहिरातीतली पात्रतेची ओळ वाचा

ओसरी

कला शाखेला प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. प्रवेश अर्जात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा विषय) यांचे रकाने असतात. ते बहुतेक वेळा 'कुठे जागा शिल्लक आहे' एवढंच विचारून भरले जातात. तीन वर्षांनी एखाद्या जाहिरातीत 'पदवीस्तरावर अमुक विषय असणे आवश्यक' ही ओळ समोर येते आणि मग त्यावर काही इलाज उरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की सुरुवात जाहिरातींपासून करा. पुढे जावंसं वाटतं अशा तीन-चार पदांच्या मागच्या वर्षीच्या जाहिराती उतरवून घ्या, पात्रतेचा परिच्छेद अधोरेखित करा आणि त्यानंतरच विषयांकडे वळा.

रचना थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. लेखी विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास. मेजर हा मुख्य विषय. मायनर त्याच शाखेतला किंवा दुसऱ्या शाखेतला घेता येतो, ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यातून मेजर-मायनर पक्के होतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक आधी वाचा.

एक गैरसमज इथेच दूर करते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र घेता येतं हे खरं, पण त्यासाठी ४०-४४ क्रेडिटशिवाय आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. शिवाय ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलेल्या एकाही परीक्षेला ते चालत नाही. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची, असा नियम आहे.

दुभाषी

ओसरीताई, अनुमोदन. पात्रतेची ओळ कुठे नडते याची दोन ठळक उदाहरणं देतो.

बँकांमधल्या राजभाषा अधिकारी पदासाठी हिंदीत एम.ए. लागतं, आणि पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. संस्कृतमध्ये एम.ए. असेल तर पदवीला इंग्रजी आणि हिंदी दोन्ही हवेत. म्हणजे एम.ए. कितीही चांगल्या गुणांनी झालं तरी बी.ए.च्या गुणपत्रिकेवर इंग्रजी नसेल तर अर्ज छाननीतच बाद होतो. कर्मचारी निवड आयोगाच्या हिंदी अनुवादक परीक्षेलाही मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीतलं एम.ए. लागतं. पदवीला या दोन्हींतली दुसरी भाषा विषय म्हणून किंवा परीक्षेचं माध्यम म्हणून असावी लागते. शिवाय अनुवादाची पदविका, प्रमाणपत्र किंवा सरकारी कार्यालयातला दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव, यांपैकी एक हवंच.

आता क्षमतावर्धन गटात इंग्रजीचा २ क्रेडिटचा पेपर असतो. तो 'विषय' म्हणून धरला जाईल या भरवशावर बसू नका. भाषेच्या वाटेने जायचं असेल तर इंग्रजी मायनर घ्या. सहाही सत्रांचे अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह महाविद्यालयातून घेऊन ठेवा, कारण पेपरची नावं आता अशी लांबलचक आणि आडवळणाची असतात की त्यात नेमकी कोणती भाषा शिकवली हे गुणपत्रिकेवरून कळतच नाही.

पाखरू

मराठी मेजर नक्की आहे. मायनर इंग्रजी घ्यावं की इतिहास? अनुवाद आणि संपादन या दोन्हींत रस आहे. नुसत्या मराठीवर काम मिळतं का?

दुभाषी

अनुवादासाठी इंग्रजी. इतिहास मायनरचा उपयोग वेगळ्या दिशेने होतो, त्यावर कुणी जाणकार लिहीलच.

अनुवादाचं काम देणारे पदवीपेक्षा चाचणी बघतात. साधारण २५० ते ३०० शब्दांचा उतारा येतो आणि बहुतेक जण तो तीन ठिकाणी घालवतात.

पहिली चूक कर्मणी वाक्यांची. मूळ इंग्रजीत निर्णय 'समितीद्वारे घेतला गेला' अशा घडणीत असतो आणि उमेदवार तसाच उतरवतो. मराठीत कर्ता माहीत असेल तर 'समितीने निर्णय घेतला' एवढंच लिहायचं. 'द्वारे' आणि 'करण्यात येत आहे' हे दोन शब्दप्रयोग आपल्या मसुद्यात शोधा. दर पानाला दोन-तीनपेक्षा जास्त सापडले तर वाक्यं पुन्हा बांधा.

दुसरी चूक कायदेशीर मजकुरातली आणि ही सगळ्यांत महाग. इंग्रजी कायद्यात 'शॅल' आणि 'मे' या दोन शब्दांत बंधन आणि मुभा एवढा फरक असतो. 'शॅल' आलं की 'करील', 'मे' आलं की 'करू शकेल' किंवा 'करता येईल'. एका ठिकाणी 'करील'चं 'करू शकेल' झालं तर घरमालकावरची सक्ती त्याच्या मर्जीवर येते आणि करारनाम्याचा अर्थच उलटतो. न्यायालयांत अनुवादकांची पदं असतात, तिथे हीच नजर तपासली जाते.

तिसरी शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, ते पाठ नव्हे तर हाताला सवयीचे हवेत. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'नीती' दीर्घ, 'नीतिशास्त्र' ऱ्हस्व, कारण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त आणि तो समासात मूळ रूपात येतो. 'विद्यार्थ्याचे' आणि 'विद्यार्थ्यांचे' यांत फरक फक्त अनुस्वाराचा; तो गाळला तर अनेकांचा एक होतो आणि उगाच दिला तर एकाचे अनेक.

तपासणी दोनदा करायची. पहिल्या वाचनात मूळ मजकूर शेजारी ठेवून फक्त गाळलेली वाक्यं, आकडे, तारखा आणि नावं बघायची. दुसऱ्या वाचनात मूळ बंद करून नुसतं मराठी वाचायचं, शक्यतो मोठ्याने. ही दोन वाचनं एकत्र केली की दोन्ही अर्धवट होतात. तपासणी धरून दिवसाला २००० शब्द हा प्रामाणिक वेग आहे. त्याहून जास्त वेग लागेल अशी मुदत कबूल करू नका.

परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहार कोश वापरा. सरकारी मजकुरात पदनाम स्वतःच्या मनाने घडवलं की परत येतंच.

खडू_फळा

शिक्षक व्हायचं असेल त्यांच्यासाठी. इथे टप्प्यांचा फार घोळ होतो.

सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. कला शाखेच्यांनी या पेपरात सामाजिक शास्त्राचा भाग निवडायचा. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी, आणि बी.एड. लागतं. टीईटी ही पात्रता आणि टेट ही अभियोग्यता चाचणी, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. भरती 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून टेटच्या गुणांवर होते. टेट २०० गुणांची असते आणि वेळ फक्त दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे अभ्यास कमी पडण्यापेक्षा वेगाचा सराव कमी पडल्याने जास्त जण मागे राहतात.

नेमणुकीनंतर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ च्या वाढीनंतर ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे. घरचं गणित मांडताना हा आकडा धरा, पूर्ण वेतनश्रेणीचा नको.

आणि विषय निवडताना एवढं लक्षात ठेवा, की माध्यमिक शाळेत जागा विषयवार निघतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल यांना जागा आहेत. तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्र मेजर असेल तर मायनर तरी शालेय विषय ठेवा.

सेट_नेट

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). ५४.९ चे ५५ होत नाहीत, पूर्णांकात बदलून मिळत नाही. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रातच बेरीज करून बघा, श्रेणीसुधार परीक्षेची संधी तेव्हाच हातात असते.

नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कला शाखेचे उमेदवार पहिल्या पेपरातलं विदा-विश्लेषण आणि संख्यामालिका सोडून देतात आणि तिथेच कट-ऑफच्या खाली येतात. तो भाग दहावीच्या गणिताचा आहे, महिनाभर रोज अर्धा तास दिला तर सुटतो.

सेट राज्यापुरती. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिला संशोधनवृत्ती नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार आणि घरभाडे भत्ता, खुल्या गटाला वयोमर्यादा ३०. इतिहास, राज्यशास्त्र असे विषय मराठी माध्यमातून केलेल्यांनी ध्यानात घ्यावं, की नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. इंग्रजी संज्ञा माहीत नसल्या तर येत असलेला प्रश्नही चुकतो. बी.ए.पासूनच वहीच्या उजव्या बाजूला इंग्रजी संज्ञा लिहीत जा.

चौथ्या वर्षाबद्दल: 'ऑनर्स विथ रिसर्च' साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, आणि एम.ए. करायचं ठरवलं तर ते एकाच वर्षाचं. फक्त पीएच.डी. लवकर सुरू झाली म्हणून सहायक प्राध्यापक पदाची पदव्युत्तर पदवीची अट सुटत नाही.

हे मी कळकळीने लिहितो आहे: नेट-सेट झाल्यावरही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचं काम येतं. तिथे घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही, आणि नेमणूक दर वर्षी नव्याने. शिकवण्याची आवड असणाऱ्याने ही वाट जरूर धरावी, पण तिच्या जोडीला दुभाषींनी सांगितलेल्यासारखं कमाईचं दुसरं कौशल्य बी.ए.तच पक्कं करावं.

बोरू

पाखरू, इतिहास मायनरबद्दल मी लिहिते.

मराठी आणि इतिहास ही जोडी मोडी लिपीसाठी सोन्यासारखी आहे. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्याशिवाय जुने फेरफार, खरेदीखतं, गावचे दप्तर, देवस्थानांचे कागद मोडीत आहेत, आणि ते वाचून देणारी माणसं मोजकी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची निकड भासली. पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग चालतात.

अक्षरं ओळखायला पंधरा-वीस दिवस पुरतात. अडतं ते पुढे. मोडीत आधी शिरोरेघ पूर्ण ओढतात आणि मग हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्ह नसतं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे अक्षरावरून नाही, त्या काळची भाषा माहीत असल्यावरून ठरतं. मराठी मेजरचा उपयोग नेमका इथे होतो: 'मौजे', 'मजकूर', 'बितपशील', 'दरोबस्त' हे शब्द डोक्यात असतील तर डोळा ते ओळीत शोधतो.

दुसरी अडचण कालगणनेची. कागदावर वर्ष असं येतं: 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, जुन्या दप्तरांतली एक सौर कालगणना. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६००. म्हणजे हे वर्ष १७६०-६१, पानिपतचं. नवशिके अरबी शब्द बघून याला हिजरी समजतात. हिजरी त्या वेळी ११७४ होतं, तेरा वर्षांचा फरक. त्यातून आणखी गुंता असा, की दिवस मात्र 'छ' लिहून मुसलमानी चांद्र महिन्याचा देतात. एकाच ओळीत वर्ष सौर आणि तिथी चांद्र. फसली सन असेल तर आपल्याकडे ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शकात ७८ किंवा ७९.

लिप्यंतर करून देताना न लागलेलं अक्षर अंदाजाने भरायचं नाही. तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवायचं. जमिनीच्या कागदात एका नावाचा अंदाज चुकला तर त्यावर दावे उभे राहतात.

नकाशावही

भूगोल मेजर घेणाऱ्यांनी 'भूगोल म्हणजे टीईटी' एवढ्यावर थांबू नये. भौगोलिक माहिती प्रणालीचं काम करणाऱ्या संस्थांना भूगोलाचा पदवीधर चालतो, पण नकाशा करून दाखवता आला पाहिजे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत.

मुलाखतीला देतात ते काम साधं असतं: नकाशातल्या माहितीचे दोन-तीन थर जोडा, ठरावीक अंतराचा पट्टा (बफर) काढा, क्षेत्रफळ सांगा. चूक होते ती प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत. थर अक्षांश-रेखांशात असताना ५०० मीटरचा पट्टा हवा म्हणून ५०० लिहिलं, तर प्रणाली ते ५०० अंश समजते आणि पट्टा जगभर पसरतो. आधी थर मीटरच्या प्रणालीत न्यायचा. महाराष्ट्रात गोम अशी, की ७८ अंश पूर्व रेखांश विदर्भातून जातो. त्याच्या पश्चिमेला यूटीएम या मीटरच्या प्रणालीचा विभाग ४३ (संकेतांक ३२६४३), पूर्वेला ४४ (३२६४४). अकोला, अमरावती ४३ मध्ये, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. नागपूरचं काम ४३ मध्ये केलं तर नकाशा दिसतो बरोबर, मापं मात्र सरकतात.

आणखी एक, मराठी नावांचं. शेपफाइल या नकाशे साठवायच्या स्वरूपात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणून 'लोकसंख्या' हे नाव मध्येच तुटतं. जिओपॅकेज स्वरूपात साठवा, हा त्रास होत नाही.

उंबरठा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचं कुणी लिहिलं नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर पात्रतेपुरते, २५ टक्के लागतात. गुणवत्तेत धरतात ते निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे प्रत्येकी २५० चे सात पेपर, म्हणजे १७५०, आणि मुलाखत २७५. वैकल्पिक विषयांत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मराठी वाङ्मय आहेत, म्हणजे कला शाखेचा मेजर थेट ५०० गुणांना कामी येतो. पण पदवीची उत्तरं आणि इथली उत्तरं वेगळी. पदवीला पाच पानं लिहिली की गुण मिळतात. इथे शब्दमर्यादेत प्रश्नातलं क्रियापद ओळखून लिहावं लागतं: 'चर्चा करा' आणि 'मूल्यमापन करा' याला एकच उत्तर लिहिलं की गुण कापले जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पूर्वपरीक्षेचे प्रश्न मात्र इंग्रजी आणि हिंदीतच येतात.

एक विनंती: किती वर्षं द्यायची हे सुरू करतानाच कागदावर लिहून ठेवा.

पाखरू

सगळ्यांचे आभार. मानसशास्त्र घेणाऱ्या मैत्रिणीसाठी विचारते, बी.ए.नंतर समुपदेशक म्हणून काम करता येतं का?

ओसरी

नाही, बी.ए.वर नको. समुपदेशनासाठी निदान एम.ए. आणि देखरेखीखालचा सराव हवा. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी बंधनकारक आहे, नुसत्या एम.ए.ने ते होत नाही. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

तुझ्यासाठी, पाखरू: तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट असतात, म्हणजे १२० तास (इथे एक क्रेडिट म्हणजे ३० तास). ते एखाद्या ओळखीच्या कार्यालयात सही मारून संपवू नकोस. प्रकाशन संस्था, कोशाचं काम, पुराभिलेखागार यांपैकी एका जागी अर्ज कर, आणि तोही सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी, कारण महाविद्यालय आणि ती संस्था यांच्यात पत्रव्यवहार व्हायला वेळ लागतो. रोज चार तास धरले तर ३० दिवस. शेवटी हातात तीन गोष्टी असाव्यात: केलेल्या कामाचे दहा-पंधरा पानांचे नमुने (द्यायची परवानगी लेखी घेऊन), तासांची नोंदवही, आणि काय काम केलं ते नेमकं लिहिलेलं पत्र. 'समाधानकारक काम केले' एवढंच लिहिलेलं पत्र पुढे कुणी वाचत नाही.

बोरू

आणि 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा अभ्यासक्रम क्रेडिटसाठी घेणार असशील तर नावनोंदणीआधी महाविद्यालयाची लेखी मंजुरी घे. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात, पण आधी मंजुरी नसेल तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही ते गुणपत्रिकेवर चढवायला नकार मिळतो. मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं उघडताना नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तस्संच टाक. आधारवर आडनाव आधी आणि गुणपत्रिकेवर शेवटी असेल तर जुळणी होत नाही, तेव्हा आधारची दुरुस्ती पहिल्या सत्रातच करून घे.